रुमालाखालचा हात

वसमतच्या मोंढ्यात आम्ही व्यापारी गणपतीत दरवर्षी नाटक करतो. यंदा निजामाच्या काळातल्या एका घरातलं विनोदी नाटक ठरलं. नाटक बसवणारे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी मला चिक्कू सावकाराचं काम दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शेठ, तुम्हाला अभिनय करायची गरजच न्हाई." सगळे हसले. मी पोती वाहून, मग बैलबाजारात दलाली करून हळदीच्या दुकानापर्यंत आलोय. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना बाजार मीच शिकवला. ते वाक्य मला अजून टोचतं.

सावकाराच्या बायकोचं काम माझ्या बायकोनं मागून घेतलं. आतापर्यंत आमच्याकडं बायकांची कामं गल्लीतला शिंपीच लुगडं नेसून करायचा. यंदा बायकांनीच करायचं ठरलं, तेव्हा पहिला हात हिचा वर गेला. लग्नापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिचं खरं काम शेवटच्या प्रवेशात होतं. दारावर लुगडी विकणारा येतो. बायकोला भाव कळू नये म्हणून सावकार त्याच्याशी रुमालाखाली सौदा करतो. बैलबाजारात असंच चालतं. तोंडानं कुणी भाव बोलत नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. सावकार लोकांकडं बघत मिशीला पीळ देत असतो, तेवढ्यात विकणारा हळूच बाजूला होतो आणि बायको रुमालाखाली आपला हात घालते. सावकार तिच्याशीच सौदा पक्का करतो. रुमाल निघतो आणि ती म्हणते, "येवढी वर्षं ह्यो हात तुमच्या ताटात वाढून राहिला, तरी वळखला न्हाई?" पडदा.

हे वाक्य ती भाकरी थापताना म्हणायची. कधी रागानं, कधी हसत. "कसं बरं वाटतं?" असं मला विचारायची. मी म्हणायचो, "कसंबी म्हण, लोकं हसतेतच." ते वाक्य ऐकायला तिच्या बहिणी कनेरगाव नाक्याहून आल्या होत्या.

प्रयोगाला पुढच्या रांगेत सगळा मोंढा बसला होता. शेवटचा प्रवेश आला. यंदा लुगडी विकणारा झालेल्या शिंप्याचा हात रुमालाखालून निघाला, तिचा आला. तेवढ्यात एक अडत्या ओरडला, "शेठ, आज हरता काय?" आणि गुरुजींचं ते वाक्य मला आठवलं. तिनं ठरल्याप्रमाणं माझा पंजा दाबला, म्हणजे सौदा पक्का. मी मान हलवली आणि तिचं बोट मुडपलं, म्हणजे भाव कमी कर. लोक हसले. तिनं पुन्हा दाबला. मी हात झटकला, डोळे मोठे केले, कपाळावर हात मारला. मोंढा टाळ्या पिटत होता. तिसऱ्यांदा तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. मी तो सोडवून घेतला आणि लोकांना म्हणालो, "जमत न्हाई, न्या तुमचं लुगडं परत."

असा हशा आमच्या मंडपात कधी झाला नव्हता. दोरीवाल्याला वाटलं, संपलं. त्यानं पडदा ओढला. ती तोंड उघडून तशीच उभी होती.

घरी येताना बहिणी तिला मधे घेऊन पुढं चालल्या. तोंडाचा रंग धुता धुता ती म्हणाली, "टाळ्या लई पडल्या तुमाला."

मी म्हणालो, "तू म्हण की आता ते. मी ऐकतो."

"हितं? मोरीत?"

आठवड्यानं जवळा बाजारहून प्रयोगाचं बोलावणं आलं. गुरुजी खूश होते. "शेठ, तसंच करा. वहिनींना शेवटी उगं तकलीफ कशाला?" माझं डोकं फिरलं. म्हणालो, "शेवट लिवलेला तसाच व्हईल. न्हाई तर दुसरा सावकार बघा." गुरुजींनी फार ताणलं नाही.

घरी येऊन मी तिला सांगितलं. वाटलं होतं, चेहरा खुलेल. तिनं विचारलं, "म्हणजे तुमी हरणार?"

"हरतो की."

"तुमच्या मनात आलं म्हणून हरणार. त्या दिशी तीनदा दाबला मी हात. तुमाला कळत नव्हतं काय, कोनाचा हाय ते?"

कळत होतं. बैलबाजारात दलाली केलेला माणूस आहे मी, रुमालाखालचा हात मला अंधारातही ओळखू येतो.

तिनं ते काम सोडलं. शेजारच्या सुनेला तिनं आमच्याच ओसरीवर बसवून ते वाक्य शिकवलं. कुठं थांबायचं, 'ताटात' म्हणताना आवाज कसा खाली आणायचा. मी आत हिशेबाचं सोंग करत ऐकत होतो. इतकं चांगलं ती म्हणत असेल, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जवळा बाजारला मी पहिल्याच दाबाला सौदा पक्का केला. शेजारची सून नीट बोलली. बायका टाळ्या वाजवत उठून उभ्या राहिल्या, त्यांच्यात माझी बायकोही होती. टाळ्या ती त्या पोरीसाठी वाजवत होती. पडदा पडेपर्यंत तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.