कोराच्या अंगठ्याखालची अक्षरं

वर्ना पुलास्कीच्या स्वप्नात नेहमी हात यायचे. चेहरे कधी असत, कधी नसत. कोरा डनलॅप, तिची शाळेपासूनची मैत्रीण, स्वप्नात यायची ती आपल्या लांबसडक बोटांनिशी. ती बोटं काय बोलली ते वर्नाला सकाळी कॉफी होईपर्यंत आठवत राहायचं. आमच्या बहिऱ्या मंडळींत बऱ्याच जणांना अशीच स्वप्नं पडतात, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं.

वर्नाचा जन्म रॉचेस्टरमध्येच गेला. बेकरीत केकवर क्रीमनं नावं काढायचं काम तिनं आयुष्यभर केलं. ती नावं तोंडानं कशी म्हणतात हे तिला कधी कळलं नाही, पण त्यांची वळणं हाताला पाठ होती. नवरा हार्लन छापखान्यात होता. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटानं ऐकणारे लोक बेजार व्हायचे आणि हा पठ्ठ्या निवांत डबा खायचा. दोघं एकदमच निवृत्त झाले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात दर शुक्रवारी दुपारी अड्डा जमू लागला.

त्या अड्ड्याचे नियम साधे होते. टेबल गोल. वर झगझगीत दिवा. टेबलावर फुलदाणी ठेवायची नाही, कारण ती बोलण्याच्या आड येते. आणि निघताना घाई करायची नाही. पूर्वीच्या काळी, एकदा का दाराबाहेर पडला की माणूस पुन्हा भेटेपर्यंत हाती लागायचा नाही. फोन होते, पण ते कानवाल्यांचे. म्हणून निरोप घ्यायला आमच्याकडे वेळ लागतो. टेबलापाशी एक निरोप, दारात दुसरा, पायऱ्यांवर तिसरा, आणि गाडीची काच खाली करून आणखी एक. हार्लन वैतागून गाडीचे दिवे उघडझाप करायचा, तरी वर्ना आणि कोराचे हात थांबायचे नाहीत.

मग तो सरकत्या कीबोर्डचा फोन आला. त्यानं आमच्या लोकांवर जी जादू केली ती ऐकणाऱ्यांना कधी समजायची नाही. अंगठ्यानं पडदा वर ढकलला की खालून अख्खा कीबोर्ड निघायचा, आणि ती खट्ट तळहाताला जाणवायची. डॉक्टरची वेळ घ्यायला शेजारणीची विनवणी करायला नको, उशीर होणार असला तर कळवता येतंय. सगळ्यांनी घेतला, पण कोरानं तो जणू अंगातच भिनवला. नवऱ्याच्या मागं एकटी राहणारी ही बाई दिवसभर वर्नाला लिहीत असायची. खारीनं पक्ष्यांचे दाणे पळवले. तळ्यावरून धुकं आलंय, पलीकडचं घर गायब. आज सूपमध्ये मीठ जास्त झालं, आता तूच ये आणि खा. वर्नाच्या एप्रनच्या खिशात फोन थरथरायचा आणि तिला वाटायचं, कोरा इथंच कुठंतरी, बरणीच्या आड उभी आहे.

तीन-चार वर्षांत काचेचे फोन आले. नुसती काच, बटणं नाहीत. पण त्यात समोर कॅमेरा होता, आणि त्यासमोर हात हलवले की समोरच्याला ते दिसायचे. आपल्या भाषेत, समोरासमोर. वर्ना पहिल्यांदा बोलली तेव्हा तिला रडूच आलं. मग अड्ड्यातल्या सगळ्यांनी मिळून कोराच्या वाढदिवसाला तसलाच फोन घेतला. वर्नानं केकवर तिचं नाव काढलं आणि फोनचा डबा स्वतःच्या हातानं तिच्यापुढं सरकवला.

"आता तुझं थोबाड मला रोज बघायला मिळेल," वर्ना म्हणाली.

कोरा हसली, आभार मानले, आणि डबा टेबलाखाली ठेवला. तो तिथंच विसरून गेली. हार्लननं तो नंतर नेऊन दिला.

तिथून सगळं बिनसलं. "व्हिडिओवर ये," वर्ना लिहायची. कोरा आपल्या जुन्या फोनवरून उत्तर द्यायची: आज केस विस्कटलेत. आज सर्दी झालीय. आज नको. शुक्रवारी आलीच तर मान खाली, फोन उघडलेला, अंगठे चालू. ऐकणारा माणूस खाली बघूनही ऐकू शकतो. आमच्याकडे मान खाली घालणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. वर्ना टेबलावर मूठ आपटायची. कोरा दचकून वर बघायची, तेसुद्धा भलतीकडे, वर्नाच्या खांद्यापलीकडे. एकदा तिच्या हातानं दुधाचं भांडं लवंडलं, एकदा दाराच्या चौकटीवर आपटली.

"पिते की काय ही?" हार्लननं विचारलं.

"तुझी बहीण पीत असेल," वर्ना म्हणाली, पण मनात शंका घर करून राहिली.

सगळ्यांत वाईट म्हणजे कोरानं निरोप घेणंच सोडलं. उन्हं कलायच्या आत कोट चढवायची, "मेसेज करते" एवढं म्हणायची आणि चालू पडायची. ना दार, ना पायऱ्या. वर्ना खिडकीतून तिची गाडी वळेपर्यंत बघत राहायची. तिचे हात ओट्याच्या कडेवर नुसते पडलेले असायचे.

मग शुक्रवारी येणंही थांबलं. वर्नाला तेच ते स्वप्न पडू लागलं: शाळेचं वसतिगृह, दिवे मालवलेले, शेजारच्या खाटेवरून कोराचा हात येतोय आणि तिच्या तळहातावर अक्षरं काढतोय. तो खेळ कोरानंच काढला होता. बाकीच्या मुली खिडकीपाशी, बर्फाच्या उजेडात बोलायच्या. कोरा म्हणायची, नको, हातातच बोल, मजा येते. स्वप्नात मात्र अक्षरं लागायची नाहीत. वर्ना जागी व्हायची आणि तळहात उघडून बघायची. इतक्या वर्षांची मैत्रीण हातची चालली आहे आणि का ते सांगायचीही तिची तयारी नाही, याचं तिला रडू येण्याइतकं वाईट वाटायचं. राग तर होताच.

डिसेंबरात एका दुपारी ती उठली. "गाडी काढ," तिनं हार्लनला सांगितलं. "तिला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं तिनं माझ्या तोंडावर सांगावं."

"मी गाडीतच बसतो," हार्लन म्हणाला. "तुम्हा दोघींच्या मधे पडायला मी काही खुळा नाही."

बाहेर बर्फ अगदी सावकाश पडत होता. कोराच्या घरातले यच्चयावत दिवे लागलेले होते. वर्नानं बेल दाबली, आत बेलचा दिवा लुकलुकला, आणि कोरा भिंतीला हात लावत दाराशी आली.

वर्ना आत शिरली ती बोलतच. "काय केलंय मी तुझं? सांग ना. एवढा सगळ्यांनी हौसेनं फोन दिला, त्याचं काय लोणचं घातलंस? मला बघायचं नाही तुला, असंच ना?"

कोरा एक पाऊल मागं सरली. वर्ना पुढं गेली, तशी ती आणखी मागं सरली, थेट भिंतीपर्यंत. वर्नाच्या मनात आलं, ही आपल्याला घाबरते?

कोरानं हात वर करून तिला थांबवलं. खिशातून जुना फोन काढला, पडदा वर ढकलला. कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली होती, उरले होते नुसते उंचवटे. कोरानं तिकडं बघितलंही नाही. अंगठे आपसूक चालत होते. मग तिनं फोन वर्नाच्या हातात दिला.

तिनं लिहिलं होतं: मागं सर बाई. इतक्या जवळ आलीस की तुझे हात माझ्या नजरेच्या खिडकीत मावत नाहीत. खिडकी आता कपाच्या तोंडाएवढी उरलीय. अंधार पडला की तीही नाही.

वर्नानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग ती मागं सरली, पार समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. हात छातीजवळ घेतले आणि छोटे छोटे करून बोलली. "कधीपासून?"

"अंधारातलं तर लहानपणापासून," कोरा म्हणाली. "बाकीचं गेल्या काही वर्षांत. डॉक्टर म्हणतात, थांबणार नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर शुक्रवारी सगळे माझ्याशी जपून बोलायला लागले असते. मग हळूहळू बोलायचेच थांबले असते. आपल्यात डोळे गेले तर काय उरतं?" कोरानं कपाटावरचा डबा दाखवला. "तुझ्या काचेवर बोट फिरवून बघितलं ना मी. काही सापडत नाही. सगळं गुळगुळीत. ह्याची बटणं मला सापडतात. पडदाही एवढासा आहे, खिडकीत बसतो."

वर्नाला वसतिगृहातल्या खाटा आठवल्या. तो खेळ नव्हताच. पोरीला खिडकीपाशी काही दिसतच नसणार.

तिनं सूप गरम केलं. दोघी खोलीच्या दोन टोकांना बसून जेवल्या आणि लांबूनच एकमेकींना टोमणे मारत राहिल्या. मीठ जास्त होतं. कोराची मान एकदाही खाली गेली नाही.

निघेपर्यंत बाहेर अंधारलं होतं. दारात निरोप झाला, तो दिव्याखाली. पायऱ्यांवर आल्या तशी कोरा थांबली. पुढं तिच्यासाठी काहीच नव्हतं. वर्ना सवयीनं हवेत हात उचलून बोलू लागली आणि मधेच थांबली. मग तिनं हातमोजा काढला, कोराचाही काढला, तिचा तळहात उघडला आणि बोटानं लिहिलं: शुक्रवारी हार्लन न्यायला येईल. तू माझ्या शेजारी बसायचंस, मी हातातच बोलेन.

बर्फ दोघींच्या बाहीवर साठत होता. मग कोराचा हात वर आला, चाचपडत वर्नाच्या गालावरून खाली आला आणि हनुवटीवरच्या खळीत बोट टेकलं. आमच्यात प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. वर्नाचं ते नाव शाळेत असताना कोरानंच ठेवलं होतं. ती तिला हाक मारत होती.

रस्त्यापलीकडं हार्लननं गाडीचे दिवे उघडझाप करायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. बर्फ उजळत होता, विझत होता.

"हार्लन बोलावतोय का गं?" कोरानं तिच्या तळहातावर विचारलं.

"नाही," वर्नानं लिहिलं. "अजून नाही."