पहिल्या पानावरचा शेवट

बातमी आली तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. माझी नात ईश्वरी जिना चढून वर आली. हातात मोबाइल, डोळे लाल. म्हणाली, "आजी, व. दा. गेल्या." मला क्षणभर उमगेना. व. दा. नाखले हे नाव पुस्तकांवर असतं. मी ओळखते ती वच्छी, वत्सला, पाचवीपासूनची. उमगलं तेव्हा मी हातातली कुरडई नीट उलटून ठेवली, आणि मनात पहिला विचार आला तो असा : चला, आता हिची नवीन पुस्तकं यायची थांबतील... दुसरा विचार त्याहून वाईट. माझी सख्खी नात रडते आहे, आणि ती वच्छीसाठी. या वयात लाज वाटण्यासारखं फारसं उरत नाही, पण ते दोन विचार अजून त्या गच्चीवर वाळत पडलेले आहेत.

त्याला महिना होत आला. पुरवणीवाल्यांनी बालमैत्रिणीच्या आठवणी मागितल्या. त्यांना वाटलं असेल, म्हातारी हुंदके देत लिहील. हुंदके आहेत, नाही असं नाही. पण माझ्याकडे आधी जळफळाट येतो. तो थोरला आहे, त्याचा मान पहिला.

ज्यांनी व. दा. वाचल्या नाहीत (असे लोक आहेत, देव त्यांचं भलं करो), त्यांच्यासाठी सांगते. तिच्या वीसेक कादंबऱ्यांचा नायक एकच, भिवा जासूद. नागपूरकर भोसल्यांचा निरोप्या. दर पुस्तकात त्याच्या पागोट्यात एक पत्र, मागे शत्रूचे स्वार आणि पुढे पूर आलेली नदी. कागद मळकट, मुखपृष्ठावर घोडा. मोठ्या समीक्षकांनी तिला कधी विचारलं नाही, आणि खरं सांगते, ते माझं औषध होतं. रोज सकाळी घ्यायची मी ते. पण गिरणीचे कामगार, दारूगोळ्याच्या डेपोतले लोक, एसटीचे कंडक्टर तिची पुस्तकं फाटेस्तोवर वाचायचे. अर्ध्यांना वाटायचं व. दा. म्हणजे मिशीवाला गृहस्थ. "आदरणीय नाखले साहेब, आपली तलवार कोणत्या बनावटीची?" असं पत्र आलं होतं तिला. हिनं उत्तर धाडलं, "विळा आहे."

वच्छी केळझरजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. शाळेसाठी पुलगावला मामाकडे राहायची. आणि मी? माझे वडील गिरणीत कारकून, घरात मासिकं येत, माझ्या दोन वेण्या, आणि वर्गात निबंध माझाच वाचून दाखवत. "सुमन लेखिका होणार," असं गुरुजी म्हणाले होते. त्या वाक्यावर मी पुढची साठ वर्षं काढली. मधल्या सुट्टीत मात्र पोरी वच्छीभोवती. ती बोरं खात खात राजवाड्यातली मारामारी सांगायची, अन् बी थुंकली की एक माणूस मेला. मी बाजूला उभी राहून तिचं व्याकरण सुधारायची. एवढी शिष्ट पोरगी आज मला भेटली तर मी तिच्या दोन्ही वेण्या बाकाला बांधून ठेवीन.

पुढे ती आष्टीला शिक्षिका झाली आणि मी पुलगावच्या वाचनालयात ग्रंथपाल. माझा एक कवितासंग्रहही निघाला. त्याच्या नावात धुकं होतं. पुलगावात, जिथे मे महिन्यात नळाला चहाचं पाणी येतं, तिथे बसून मी धुक्यावर एक्केचाळीस कविता केल्या! वाचनालयाच्या कार्डावर त्या पुस्तकाच्या नोंदी दोन आहेत. एक माझ्या नवऱ्याची. दुसरा माणूस बदली होऊन गेला आणि पुस्तक परत करायचं विसरला. मी बरीच वर्षं ते वाचकाचं प्रेम समजत होते.

वच्छीनं पहिली कादंबरी लिहिली ती उत्तरपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या पानांवर. पेपर तपासून झाले की कोरी पानं फाडून ठेवायची. तो गठ्ठा घेऊन ती उन्हाळ्यात माझ्याकडे आली. मी रात्रीचं जेवण सोडून वाचलं, आणि सकाळी तोंड वाकडं करून सांगितलं, "वच्छे, तुझा घोडा रवंथ करते."

"मंग?"

"घोडा रवंथ नाई करत व. बैल करते."

तिच्या घरी बैल होते. घोडा तिनं नवरदेवाखाली तेवढा पाहिलेला. तिनं विचारलं, "मंग तो काय करते खाली बसून?"

"तो बसतच नाई सहसा. उभ्यानं झोपते."

"अवं पण दिवसभर पळून आला नं तो. बसू दे ना त्याले, सुमे. तुह्या बापाचं काय चाललं?"

घोडा तसाच छापला गेला. नदीकाठी खाली बसून, डोळे मिटून रवंथ करणारा. मी आनंदले. म्हटलं, आता हसतील लोक. लोक हसलेच नाहीत. रांग लागली.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. नव्या पुस्तकांचं पार्सल वाचनालयात आलं की ते मी फोडायची. वच्छीचं पुस्तक असलं तर दार लोटून एका बैठकीत वाचून काढायची, श्वास रोखून. शेवटाला रडायचीही. मग डोळे पुसायची, पेन्सिलीला टोक काढायची, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची : "दिवाणजी फितूर आहे." किंवा, "पान १६० वर किल्लेदार मरतो." मग पुस्तक द्यायला ठेवायची. संध्याकाळी गिरणी सुटली की लोक यायचे, पहिलं पान उघडायचे, आणि माझ्या कानांना शिव्यांचा अभिषेक व्हायचा. वाचनालयाच्या कमिटीनं गुन्हेगार शोधायचं ठरवलं आणि ते काम कोणाकडे दिलं? माझ्याकडे. "पुस्तकात शेवट लिहिणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल" ही पाटी मी त्याच पेन्सिलीनं आखून घेतली होती.

आणि मजा बघा, तिचे वाचक त्यानं घटले नाहीत. शेवट कळूनही वाचायचे. उलट, "शेवट खरंच तसाच हाय का ते पाहू" म्हणून वाचायचे.

एका दिवाळीच्या सुट्टीत वच्छी वाचनालयात आली. कपाटातून स्वतःचं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं. मी खतावणीत तोंड खुपसलं. माझा ळ तिला पाचवीपासून ठाऊक. त्याची शेपटी मी खाली ओढते. तिनं त्या शेपटीवरून एकदा बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. "चहा पाजतं का व?" एवढंच.

पुढचं पुस्तक आलं त्यात एक मैना होती. शत्रूच्या छावणीतली, पिंजऱ्यातली. कुणी काही बेत केला की ती आधीच ओरडून फोडायची. उद्या हल्ला, परवा विषप्रयोग. शेवटी भिवाचाच बेत फोडते, त्याच्या दंडात बाण घुसतो, आणि सोबती तिची मान मुरगाळायला धावतात. तेव्हा भिवा म्हणतो, "राहू द्या. वाईट नाही ती. तिच्या पोटात राहत नाही, एवढंच."

मी दार लोटून बसले होते. पेन्सिल हातात. पहिल्यांदाच काय लिहावं सुचेना. अर्ध्या तासानं लिहिलं : "मैना मरत नाही."

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही भेटलो, एकमेकींच्या घरी लग्नांना गेलो, सांडगे दिलेघेतले. त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. ती पुस्तकं लिहीत राहिली, मी पेन्सिल झिजवत राहिले. ती मैना पुढे इतकी गाजली की तिचं चित्र पुलगावच्या ऑटोंवर यायला लागलं. साठ वर्षांच्या साहित्यसेवेत माझी एवढीच प्रसिद्धी, ती पण पिंजऱ्यात.

शेवटची भेट या संक्रांतीनंतरची. आष्टीला तिच्या घरी. तिची भाचसून रंजना सगळं करायची. वच्छीचा हात कापत होता, तरी मांडीवर वही होती. मला म्हणाली, "सुमे, भिवा नदीवर येऊन राह्यला. पोटात भाला लागला. पत्र पोचलं नाई अजून. काय करू? मारू का जगवू?"

वीस पुस्तकांत तिनं मला पहिल्यांदा सल्ला विचारला होता. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "मार. किती वर्षं पळवशील त्याले?"

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. "तुले लय दिवसाचं मारायचं होतं त्याले," म्हणाली. मी निघाले तर दारापर्यंत हाक आली, "येजो व!" मी "येतो, येतो" म्हटलं. गेले नाही. बसचं निमित्त होतं, गुडघ्याचं होतं... खरं तर त्या एका शब्दाची लाज होती.

गेले ती दहाव्याला. घरापुढे ही गर्दी! चंद्रपूरची पोरं, जालन्याची पोरं, हातात फाटकी पुस्तकं. माझ्या दहाव्याला कावळा तरी येईल की नाही याचा हिशेब करत मी मांडवात बसले होते. शेजारच्या पोराच्या शर्टवर एक घोडा, नदीकाठी बसून रवंथ करणारा. मी म्हटलं, "बाबू, घोडा रवंथ नाई करत." तो म्हणाला, "मालूम आहे ना आजी. तीच तं मजा आहे! हा घोडा पाहिला की आपला माणूस समजायचा." बघा. हिची चूक लोक छातीवर मिरवतात. माझं शुद्धलेखन कुणाच्या रुमालावरही नाही.

निघताना रंजनानं एक पिशवी हातात दिली. "आत्याबाईनं सांगतलं होतं, हे सुमेलेच देजो. दुसऱ्या कोणाले नाई."

पिशवीत ती वही. भिवा नदीवर येतो, घोड्यावरून उतरतो, पागोट्याला हात लावतो, आणि तिथे मजकूर संपतो. पुढची पानं कोरी. मग मी पहिलं पान उघडलं. तेही कोरं, फक्त वरच्या बाजूला, कापऱ्या अक्षरात : "सुमे, शेवट लिहून ठेव. तुले तं आधीच मालूम राह्यते." आणि वहीच्या शिवणीत खोचलेली एक पेन्सिल. टोक काढलेली.

तिच्या प्रकाशकांचे दोनदा फोन येऊन गेले. ईश्वरी रोज विचारते, "आजी, भिवाचं काय झालं?" मी वही डब्यात कुलूपबंद ठेवली होती. आयुष्यभर ज्याच्यावर जळले तो माणूस माझ्या पेन्सिलीच्या टोकाखाली जखमी पडलेला, आणि वाचवायला वच्छी नाही. मारायची मुभा तर मी तोंडानं मागूनच घेतली होती...

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी दार लोटलं, जुन्या सवयीनं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एका दमात लिहिलं. ळ आला तिथे शेपटी खाली ओढली.

पुस्तक निघायला अवकाश आहे. वाचकांनी माफ करावं, माझ्या पोटात राहत नाही. मी लिहिलंय : "भिवा पत्र पोचवतो. जखम भळभळते, पण जगतो. घोडा नदीकाठी बसून रवंथ करतो."