नवसाबाईंनी चूल फोडली

नवसाने झालेली मुलगी म्हणून आईबापांनी नाव ठेवले नवसा. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी शास्त्रातली दोन-तीन चांगली नावे सुचवली. बाई म्हणाल्या, "साहेब, देव मला याच नावाने ओळखतो. उगाच त्याचा घोटाळा कशाला?"

नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीत त्या बायबलबाई होत्या. घरोघरी जायचे, बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, नव्याने प्रभूकडे आलेल्यांची विचारपूस करायची, हे त्यांचे काम. त्या म्हणत, "बाप्तिस्मा म्हणजे रोप लावणं. लावलं की सगळे हात झटकून घरी. मग शेळ्यांपासून राखायचं कुणी?"

एकोणीसशे चौतीस साली कापणीच्या सणाला जी शेळी निघाली, ती घरचीच होती. चर्चचे पंच इसाकराव.

पेठकडच्या डोंगरातून आलेला मंगळू आणि त्याची बायको तानुबाई यांचा बाप्तिस्मा त्याच वर्षी झाला होता. मंगळू मळ्यात मोट हाकायचा. सणाला कुणी भोपळा आणला, कुणी बाजरी. मंगळूने तांबडा कोंबडा आणला आणि वाडवडील देवाला द्यायचे तसा, चर्चच्या पायरीवरच कापायला कोयता काढला.

"अरे रानट्या, हे प्रभूचं मंदिर आहे की खाटीकखाना?" इसाकराव ओरडले. सगळी मंडळी हसली. तानुबाई कोंबडा पदराखाली घेऊन घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी मंगळू नवसाबाईंना म्हणाला, "बाय, आमी परत जातो. डोंगरात."

"हसले म्हणून?"

"हसू दे. पन तिकडचा भगत मला शिव्या देतो, तरी माझ्या घरची भाकर खातो. हितं समदे भाऊ म्हनत्यात, आन पंचानं माझ्या दारात कधी पाय नाय ठेवला. मंग कुनाचा देव खरा म्हनू?"

नवसाबाईंना अनेक वचने पाठ होती. त्यातले एकही इथे पुरणार नाही, हे त्यांना कळले. त्यांनी विचारले, "कोंबडा आहे ना अजून? उद्या दुपारी शिजवू. तेवढं खाऊन जा."

तिथून त्या थेट इसाकरावांकडे गेल्या. "पंच, उद्या कोंबडीचा रस्सा करतेय." वाक्य पुरे व्हायच्या आत ते "येतो" म्हणाले.

सकाळी नवसाबाईंनी मुसळ उचलले आणि आपल्या चुलीवर घातले. एका घावात कडा गेली. दुसरा घाव मनाच्या समाधानासाठी. शेजारची भिमाबाई धावत आली.

"अगं बाई! परवाच तर लिंपली होतीस!"

"लिंपण कच्चं असणार," नवसाबाई म्हणाल्या. मग मसाल्याचा डबा घेऊन त्या तानुबाईकडे गेल्या.

दुपारी इसाकराव धुवट टोपी घालून हजर. नवसाबाईंनी त्यांना फुटकी चूल दाखवली. "अशी गत झाली, पंच. पण जेवण तयार आहे. इथेच, चार घरं सोडून."

रश्श्याच्या वासामागे इसाकराव चालत गेले. मंगळूचे दार दिसताच थबकले. "इथे?"

"नको तर राहू द्या. पंचांचं पोट बिघडलं म्हणून सांगते लोकांना."

"माझं पोट उत्तम आहे!"

"मग बसा की."

दोन्ही बाजूंनी अडकलेले इसाकराव बसले. सवयीने प्रार्थनेला तोंड उघडणार, तोच नवसाबाई म्हणाल्या, "अं हं. घर ज्याचं, प्रार्थना त्याची."

मंगळू कधी चारचौघांत मोठ्याने बोलला नव्हता. त्याने डोळे घट्ट मिटले. "बापा, कोंबडा तुझाच हाय. कापायची जागा चुकली. पंच घरी आलं, लय बरं वाटलं. आता जेवतो. आमेन."

"आमेन," इसाकराव म्हणाले, आणि का कोण जाणे, लगेच मान वर करेनात.

मग मात्र नागलीची भाकरी रश्श्यात कुस्करून ते असे जेवले, की तानुबाईला आणखी भाकऱ्या थापाव्या लागल्या. हात धुताना ते खाकरले. "त्या दिवशी पायरीवर मी... जरा जास्तच बोललो, मंगळूभाऊ. येत्या रविवारी चर्चनंतर आमच्याकडे जेवायला या. दोघंही."

मंगळूने तानुबाईकडे पाहिले. ती पदराआड हसत होती.

"रविवारी व्हय?" तो म्हणाला. "येतो की."

नवसाबाई तेवढ्यात उठल्याही होत्या. हे आमंत्रण इसाकरावांच्या बायकोला अजून ठाऊक नव्हते, आणि नवऱ्याच्या आधी तिच्यापर्यंत पोहोचायला हवे होते.