हजेरीवाल्या वर्लीनबाई आणि रंगीत तक्ता

गावात बातमी अशी उठली की वर्लीन टब्जबाईंनी शाळेची एकतीस वर्षांची हजेरी एका कंपनीला विकली आणि त्या पैशांत नवा फ्रीज घेतला. बातमी साफ खोटी. फ्रीज त्यांच्या जावयाचा. त्याने मोठा आणला आणि जुना सासूच्या गळ्यात मारला. आणि हजेरी विकायला ती बाईंकडे होतीच कुठे? ती शाळेच्या कॉम्प्युटरात. कंपनीने ती शाळा मंडळाकडून उचलली, आणि जिच्या हातून ती सगळी लिहिली गेली तिला एका शब्दाने विचारलं नाही. बाईंना झोंबलं ते हे. आता बातमी उठली कुठून म्हणाल, तर माझ्या सलूनमधून. फ्रीज उतरताना मी समोरून पाहिला होता, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं.

मी निकानोर अग्बायानी. मॅन्झनिता गावात बाईंच्या समोरच्याच घरात वीस वर्षं राहतो. पण ओळख त्याहून जुनी. हजेरीच्या खिडकीत त्या नव्यानेच बसल्या, तेव्हा मी नववीत दांड्या मारत होतो.

आमचं गाव लहान, पण दुनिया सगळी भरलेली. कालव्यापलीकडे बदामाच्या बागांचे गोरे मालक. अलीकडे मेक्सिकन, आम्ही फिलिपिनो, लाओसच्या डोंगरांतून आलेले ह्मोंग, आणि बाईंसारखे काळे, ज्यांचे आईबाप दूर दक्षिणेतल्या आर्कान्सातून इथे कापूस वेचायला आले. बाई स्वतः तिसरीत दोनदा बसल्या, त्या कापसापायीच. पुढे त्याच शाळेत त्यांना नोकरी लागली: रोज नऊ ते अकरा, जो पोरगा वर्गात नाही त्याच्या घरी फोन करायचा, कारण विचारायचं आणि नावापुढे खूण करायची. कारण मान्य किंवा अमान्य.

प्रत्येक जमातीची दांडी मारायची रीत वेगळी, आणि बाईंना ती तोंडपाठ. मेक्सिकन आया डिसेंबर लागायच्या आधीच तामालेंचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांचं ताट घेऊन खिडकीत हजर. "बाई, तीन आठवडे मिचोआकानला जातोय, सासू वाट बघतेय." सरळ खरं. तामाले बाई खायच्या, आणि खूण करायच्या: अमान्य. आम्ही फिलिपिनो खोटं बोलायचो, पण अदबीने. माझ्या आईने माझ्या आजीला फोनवर दोनदा मारून टाकलं. दुसऱ्या वेळी फोनवरून बाई म्हणाल्या, "मिसेस अग्बायानी, मग मागच्या वर्षी मी सांत्वनाचं कार्ड पाठवलं ते कुणासाठी?" आई जराही न डगमगता म्हणाली, "ती आईची आई, ही बापाची." बाईंनी मान्य लिहिलं. दोन्ही आज्या त्या वेळी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

कालव्यापलीकडचा लिंडस्ट्रम तर कलाकारच. हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी त्याचा फोन: "मुलांना दाताच्या डॉक्टरकडे नेतोय." तीन मुलं, एका हिवाळ्यात अकरा शुक्रवार. एवढे दात मगरीलाही नसतील. त्याची गाडी टपावर बर्फावरून घसरायच्या फळ्या बांधून शाळेसमोरूनच टाहोच्या डोंगराकडे जायची, आणि खिडकीतून बाई ती बघायच्या. पण दाताचं कारण नियमात बसतं. मान्य.

आणि स्वतःच्या लोकांशी बाई सगळ्यांत कडक. काळ्या पोराची आई कामावर असली तर तिच्या कामावर फोन. "लेक आजारी आहे म्हणतेस? आत्ताच पेट्रोल पंपावर चिप्स खात होता तो. ताप तोंडातून घालवतोय का?" आणि वर अमान्य. आपल्या पोरांना सूट दिली म्हणून उद्या कोणी बोट दाखवायला नको, हा त्यांचा हिशेब.

असा हा सगळा कारभार उरकून गेल्या जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या. आणि या शरद ऋतूत, शाळांसाठी अहवाल करणाऱ्या त्या कंपनीचा कॉनर व्हिटलॉक उगवला. वय बत्तीस, बूट चकचकीत, बोलणं असं की जणू आपल्यालाच इयत्ता दुसरीत बसवलंय. त्याने हजेरीवरून तक्ता काढला, ‘शिक्षणाविषयी कौटुंबिक आस्था’. पाच जमाती, पाच रंगांचे पट्टे; अमान्य दिवस जेवढे कमी, तेवढा पट्टा उंच. सगळ्यांत उंच गोरे. दुसरे आम्ही. मग मेक्सिकन, मग काळे, आणि जमिनीला टेकलेला इवलासा पट्टा ह्मोंग लोकांचा. गावच्या वर्तमानपत्रात तो पहिल्या पानावर आला.

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी सलूनमध्ये डोनट वाटले.

बाई दारातूनच म्हणाल्या, "हे कशाचे रे?"

"आम्ही दुसरे आलो, बाई! आमच्यात शिक्षणाची ओढच दांडगी."

"मेल्या, तुझ्या आजीची पुण्याई ती. दोनदा मेली बिचारी, आणि फळ तू खातोयस." असं म्हणून त्यांनी चॉकलेटचा डोनट उचलला आणि गेल्या.

हसण्यावारी गेलं असतं. पण आठवड्याने माय येर शिऑंग बाईंच्या ओसरीवर आली. मी झाडांना पाणी घालत होतो, म्हणजे ऐकत होतो. माय येर ह्मोंग बाई, मिरच्या आणि कोथिंबिरीचा मळा करते. तिच्या हातात मंडळाचं पत्र होतं. तिची लेक कालिया आठवीत पहिली आलेली, आणि तिला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विज्ञान शाळेत जागा मिळालेली. आमच्या गावातून वर्षाला दोघांना मिळते ती. पण तक्ता आल्यावर मंडळाला एकदम शिस्त आठवली. गेल्या दोन वर्षांत ज्याच्या नावावर तीनहून जास्त अमान्य दिवस, त्याची जागा रद्द. गुरुवारी चार वाजता सुनावणी. कालियाच्या नावावर चार होते.

"आजोबांच्या भावाची मयत होती," माय येर म्हणाली. "आमच्यात तीन दिवस, तीन रात्री ढोल थांबत नाही. चौथ्या दिवशी माती. कालिया पाहुण्यांना भात वाढत होती. तुम्ही फोन केलात, मी हेच सांगितलं. चुकलं का माझं, बाई?"

बाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. चारही दिवस गेल्या एप्रिलमधले. त्या खिडकीत तेव्हा त्याच होत्या. नियम होता, आजोबा गेले तर एक दिवस मान्य. आजोबांच्या भावाला शून्य.

"तुझं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "पण अगं, मुलीला ताप आहे एवढं म्हणायचं होतंस."

"ताप नव्हता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू कुंडीत बदकं सोडणार आहेस का? बंद कर तो नळ."

गुरुवारी मंडळी शाळेच्या वाचनालयात जमली. मंडळाच्या अध्यक्ष हॅवरकॅम्पबाई, शेजारी कॉनर, भिंतीवर त्याचा तक्ता. मागच्या रांगेत लिंडस्ट्रम हाताची घडी घालून. पहिल्या रांगेत माय येर आणि कालिया, दोघी रविवारच्या कपड्यांत. कॉनरने सांगितलं, काही संस्कृतींमध्ये शाळेपेक्षा कौटुंबिक समारंभांना महत्त्व असतं. त्यांना दोष द्यायचा नाही, पण आकडे बोलतात.

वर्लीनबाई उभ्या राहिल्या. पोराची रंगवही बघावी तसं तक्त्याकडे बघत म्हणाल्या, "बाळा, आकडे नाही बोलत. मी बोलायचे, फोनवर. हे पट्टे माझ्या हातचे आहेत."

कॉनर हसला. "मग तुम्हाला अभिमान वाटायला हवा, मिसेस टब्ज."

"ऐकून तर घे. तो उंच पट्टा दिसतोय? त्यात अकरा शुक्रवार दात आहेत. कुणाचे ते मी सांगत नाही, त्याचं त्याला ठाऊक." मागे लिंडस्ट्रम छताकडे बघू लागला. "त्याच्या खालचा पट्टा, त्यात या न्हाव्याची आजी दोनदा मेली."

सगळं वाचनालय माझ्याकडे वळलं. मी पुस्तकांच्या मागे जायला बघत होतो. नेमकं तिथे पुस्तकं कमी होती.

"तिसऱ्यात तामाले. माझा फोन जायच्या आधीच येऊन खरं सांगून गेलेल्या आया त्या. चौथा आमचा. आमच्या पोरांना मी सूट दिली नाही, कारण मला भीती होती की तुझ्यासारखा कोणीतरी येऊन बोट दाखवेल. आलासच तू. आणि हा खालचा," त्यांनी माय येरकडे हात केला, "या बाईला मी विचारलं, पोरगी कुठेय? ती म्हणाली, मयतीला. मी म्हटलं, कोणाच्या? तिने नातं खरं सांगितलं. फक्त आजोबा म्हणाली असती तर निदान एक दिवस मान्य झाला असता आणि पोरगी वाचली असती. ताप म्हणाली असती तर चारही मान्य. तुझ्या तक्त्यात आस्था कुठे आहे रे? कोणाला माझा नियम पाठ होता, तेवढं आहे त्यात."

हॅवरकॅम्पबाई घसा खाकरत म्हणाल्या, "म्हणजे खूण चुकीची केलीत असं तुमचं म्हणणं?"

"नियमाप्रमाणे बरोबर केली. चुकीची आहे. मी केली, मीच सांगतेय."

मग खालच्या आवाजात कुजबुज झाली, कागद इकडून तिकडे गेले. हॅवरकॅम्पबाईंनी जाहीर केलं की कालिया शिऑंगचे चार दिवस मान्य धरण्यात येत आहेत, जागा कायम. बाकी प्रकरणांचा विचार यथावकाश. यथावकाश म्हणजे काय ते आमच्या गावात सगळ्यांना कळतं. तक्ता मंडळाच्या दारात अजून लटकतोय. कालियाने आईचा हात एवढा घट्ट धरला होता की माय येर दुखल्यासारखं तोंड करत हसत होती.

माणसं उठायला लागली. कॉनर वायर गुंडाळत बाईंपाशी आला, आवाज एकदम मऊ. "मिसेस टब्ज, तुम्ही म्हणालात ते महत्त्वाचं आहे. पण तोंडी गोष्ट मला अहवालात घेता येत नाही. हे सगळं लेखी द्याल का?"

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली.

"लेखीच तर दिलं होतं, एकतीस वर्षं. त्याचाच तू तक्ता केलास."