अण्णाचा सज्जा, माझी गच्ची

अण्णाला दगडी शाळा मिळाली आणि मला सिमेंटची. खरं तर शाळा एकच. माझा थोरला भाऊ शिकला तेव्हा संस्थानकाळातली मूळ इमारत पुरत होती. उंच कमानी, सागवानी तुळया, रंगीत काचांतून पाटीवर पडणारं लाल-हिरवं ऊन. पुढे मुलं वाढली म्हणून तिच्या कुशीला काटकोनात एक सपाट ठोकळा जोडला. सगळे त्याला ‘होस कट्टड’ म्हणत, म्हणजे कानडीत नवी इमारत. मी नेमका त्याच वर्षी दाखल झालो.

घरात मला सगळं अण्णाचं उसवून मिळायचं. वडील शिंपी; त्याची चड्डी माझ्या मापाची करणं म्हणजे त्यांना चहा पिता पिता जमायचं काम. शाळा तेवढी मला नवी कोरी मिळाली, आणि मला नेमकी जुनी हवी होती.

पहिल्या दिवशी वडिलांनी जुन्या-नव्या भिंतींचा सांधा बोटाने चाचपला. “आत कापडच सोडलं नाही रे यांनी. उसवणार.” उसवलंच. पावसाळाभर तिथून माझ्या बाकावर गळायचं.

दसऱ्याला हत्तींची सवारी शाळेपुढून बन्नीमंटपाकडे, शमीपूजेच्या मैदानाकडे जाते. तेव्हा जुन्या इमारतीत शिकलेल्यांनी तिच्या सज्जात बसायचं आणि आम्ही ठोकळेवाल्यांनी गच्चीवर, असा रिवाजच पडला होता. टक्कल पडलं तरी अण्णा सज्जाच्या सावलीतून राजासारखा हात हलवायचा. मी उन्हात, डोक्याला रुमाल बांधून.

पण एक गोष्ट फक्त माझी होती. गच्चीवरून जुनी शाळा अख्खी दिसायची, तिच्या कमानींपुढून अंबारी डुलत जाताना. सज्जात बसलेल्याला सज्जा कुठला दिसायला? हे मी अण्णाला मुद्दाम कधी सांगितलं नाही.

एका दसऱ्याला तुळयांना वाळवी लागली म्हणून सज्जाला कुलूप पडलं. अण्णा धापा टाकत माझा जिना चढून आला. मला आतून गुदगुल्या झाल्या.

“या, या महाराज! सिमेंटची सवय नसेल तुम्हाला!”

“सुम्ने बस रे, गप्प. खुर्ची दे.”

दिली. माझीच होती.

सवारी आली. सगळे हत्तीकडे बघत होते, अण्णा भलतीकडेच.

“अय्यो, तम्मा... ही आपली शाळा? एवढी देखणी? बोलला नाहीस कधी!”

“तू विचारलं नाहीस.”

हत्ती गेले, कमानींवर दिव्यांच्या माळा लागल्या, तरी तो उठेना. आतून तर त्याने ती भोगलीच होती. आता बाहेरूनही घेतली.

“पुढच्या वर्षी सज्जा दुरुस्त होईल हं,” मी म्हणालो.

“होईना का. मी इथेच येणार. हीच खुर्ची ठेव.”

दुसऱ्याच दिवशी मी हेडमास्तरांकडे गेलो. म्हटलं, सर, सज्जाचं काम ताबडतोब हाती घ्या. आमच्या अण्णाचा फार जीव आहे हो त्याच्यावर.