चित्रकाराचे हात

सेटवर तिला नावाने कोणी हाक मारत नसे. "हात आले का?" एवढंच विचारत. आले असतील तर बसवा, चहा पाजा, केस चिकटवा. हे केस चिकटवणं म्हणजे एक वेगळाच ताप. मालिकेतला चित्रकार तीनशे वर्षांपूर्वीचा, दाढीवाला, धिप्पाड. त्याचं काम करणाऱ्या नटाला मात्र ब्रश धरता येत नव्हता. धरायचाच तर आमटी ढवळायला डाव धरावा तसा. म्हणून जवळून दाखवायचं असलं की त्याचा अंगरखा हिच्या अंगावर चढायचा, बोटांवर डिंकाने केस बसायचे आणि ही त्या थोर माणसाचे हात व्हायची. संध्याकाळी ते केस तेल लावून सोडवताना तिच्या तोंडून जे काही निघायचं, ते आत्याला आता पाठ झालं होतं.

आत्यानेच तिला वाढवलेलं. दोघी दोन खोल्यांत राहत. बाहेरच्या खोलीत रंग, चौकटी, टर्पेंटाइनचा वास. आतल्या खोलीत आत्या आणि तिची कुरकुर. लग्नाचा विषय आत्याने बरीच वर्षं लावून धरला आणि शेवटी हात टेकले. भाचीचा धंदा नकलांचा. दंतवैद्याचा दवाखाना असो, हॉटेलची भिंत असो, नवश्रीमंताचा दिवाणखाना असो, जुन्या चित्राची हुबेहूब प्रत हवी की लोक हिच्याकडे येत. त्यातही हा दाढीवाला तर तिच्या हातात बसलेला. त्याची सही ती डोळे मिटून करायची. स्वतःचं असं चित्र तिने कधी काढलं नव्हतं. मागितलंच नव्हतं कोणी.

मालिकावाले आले ते ह्या दाढीवाल्यापायी. आणि काय मेलं वेड लागलं होतं त्यांना त्याचं! काळाच्या यंत्रात बसलेला प्रत्येक शहाणा आधी ह्याच्याच दारात उतरायचा. पहिल्या मालिकेत त्यांनी त्याला तापाच्या गोळ्या देऊन वाचवलं. दुसरीत त्याला पुढच्या काळातल्या संग्रहालयात नेऊन त्याचीच चित्रं दाखवली, मग तो ढसाढसा रडला. रडायला नट होता, डोळे पुसायला हिचे हात. तिसरीत प्रवाशाने फोनवर त्याचं चित्र दाखवलं आणि त्याने ते बघून उतरवलं.

"मग मुळात काढलं कोणी?" आत्याने टीव्हीसमोर विचारलं होतं.

"लेखकाला विचार," ती करवादली. "त्याला माहीत असतं तर मला सांगितलं नसतं का!"

चौथ्या मालिकेत मात्र वेगळंच झालं. चित्रकाराचं एक हरवलेलं चित्र त्यात होतं. कसं होतं ते कोणी पाहिलेलं नाही; खिडकीत बसलेली म्हातारी घरमालकीण, एवढाच काय तो पत्ता. नक्कल करायला समोर काहीच नाही. लेखक हा तरुण, सतत घाईतला माणूस. तो म्हणाला, "ताई, काढा ना तुम्हीच काहीतरी त्याच्यासारखं."

'काहीतरी' म्हणे! तिने आत्याला स्वयंपाकघराच्या खिडकीत मटार सोलायला बसवलं आणि लेखकाने सांगितलं होतं म्हणून शेजारी एक मनगटी घड्याळ ठेवलं. आत्याने मान अवघडल्याची, उजेड डोळ्यांवर येत असल्याची आणि मटार संपल्याची तक्रार केली. एकदा तर भुवई उंचावून म्हणाली, "अगं, माणूस आहे मी, भोपळा नाही!" ती भुवई तिने तशीच्या तशी पकडली. चित्र पुरं झालं तेव्हा ती बराच वेळ समोर उभी राहिली. हे कुठून आलं, हे तिचं तिलाच कळेना. कोणाचंच नव्हतं ते. तिचं होतं. कोपऱ्यात सही तेवढी दाढीवाल्याची करावी लागली.

मग कळलं की शेवटच्या भागात हे चित्र जाळायचं आहे.

"जाळायचं? का?"

"प्रवासी आपलं मनगटी घड्याळ खिडकीत विसरतो ना, चित्रकार तेही चित्रात काढतो," लेखकाने समजावलं. "पुढच्या काळातली वस्तू मागच्या काळात राहून चालत नाही. म्हणून तो स्वतःच्या हाताने चित्र जाळतो. इतिहास बदलता येत नाही, ताई."

"अरे, मग घड्याळ पुसायचं ना! एवढा थोर चित्रकार, त्याला बोटभर घड्याळावर रंग फिरवता येत नाही?"

"मग मालिका कशी संपणार?"

ह्याच्यापुढे डोकं आपटून काय उपयोग? तिने दिग्दर्शकाला गाठलं, गयावया केली, आणि जाळण्यासाठी वेगळी प्रत करून देण्याची परवानगी मिळवली, तीही फुकटात. आयुष्य नकलांत गेलेलं, त्यामुळे तिला वाटलं की हा तर हातचा मळ आहे. पण सगळं जमलं आणि भुवई काही जमेना. तीनदा खरवडली, तीनदा काढली. प्रतीतली म्हातारी बापडी गुणीच दिसत राहिली. जगाची नक्कल केली, स्वतःची होईना. प्रतीला तिने लाल सुतळी बांधली, जवळून दाखवायला लागणाऱ्या मूळ चित्राला पांढरी, आणि सेटवरच्या सामानवाल्याला बजावलं, "लाल ते जाळायचं. लाल!"

सामानवाला गृहस्थ भलता नीटनेटका. त्याने दोन्ही सुतळ्या सोडल्या, छान गुंडाळल्या आणि खिशात ठेवल्या.

चित्रणाच्या दिवशी खिडकीतून हवं तसं ऊन आलं होतं आणि दिग्दर्शकाला घाई झाली होती. अंगरखा घालून, केसाळ बोटांत पेटती मेणबत्ती धरून ती लाकडी घोडीवर लावलेल्या चित्रापुढे उभी राहिली. वर पाहते तर भुवई! आत्या तिच्याकडेच बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "हे ते नाही."

"हात बोलत नाहीत!" दिग्दर्शक ओरडला. सगळा सेट हसला.

"अहो, खरंच, हे जाळायचं नाही. लाल सुतळीचं..."

लेखक धावत आला, एकदा इकडे बघून, एकदा मागे भिंतीला टेकवलेल्या दुसऱ्या चित्राकडे बघून म्हणाला, "ताई, दोन्ही सारखीच तर आहेत."

तिच्या धंद्यात ह्याहून मोठी शाबासकी नसते. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"ऊन चाललंय!" दिग्दर्शक म्हणाला. "हे बघा बाई, पुढची मालिका वर्षभराची आहे. त्यात हात रोज लागणार आहेत. कोणाचे, ते तुम्हीच ठरवा. लावा!"

"लावा हो," नट बाजूने म्हणाला. "दाढी खाजतेय मला."

वर्षभराचं काम. दंतवैद्यांच्या मागे लागायला नको, आत्याच्या गुडघ्यांचं बघता येईल. तिने मेणबत्ती पुढे नेली. हात थरथरत होता. मागून कोणीतरी कुजबुजलं, "वा, काय थरथरतोय!" त्या 'वा'ने तिचं डोकंच फिरलं. एक चित्र! अख्ख्या जन्मात एक, आणि तेही ह्या दाढीवाल्याच्या गळ्यात घालून वर स्वतःच्या हाताने जाळायचं?

तिने फुंकर मारली. मेणबत्ती विझली. चित्र घोडीवरून उतरवून तिने काखेत मारलं आणि चालू लागली.

"ताई, चित्र वाचलं तर इतिहास बदलेल!" लेखक कळवळून म्हणाला.

"बदलू दे मेला."

दुसरं चित्र त्यांनी दहा मिनिटांत आणून जाळलं. आग सामानवाल्याच्या हातांनी लावली. आग लावायला चित्रकला कशाला लागते? वर्षभराचं कामही त्यालाच मिळालं, ब्रश धरायला शिकवणार होते म्हणे.

ती अंगरख्यासकट घरी आली. आत्याने दार उघडलं, तिच्या केसाळ हातांकडे आणि काखेतल्या चित्राकडे पाहिलं. "काम गेलं ना?"

"गेलं."

"जेवून घे आधी."

जेवण झाल्यावर तिने सुरीने कोपऱ्यातली दाढीवाल्याची सही खरवडली आणि बारीक ब्रश उचलला. पहिलं अक्षर वाकडं आलं. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाकडं. दुसऱ्याची सही डोळे मिटून करणाऱ्या हाताला स्वतःचं नाव सरळ लिहिता येईना. तिला आधी चीड आली आणि मग एकदम रडूच आलं, बोटांवरचे केस ओले होईपर्यंत.

आत्या मागे येऊन उभी राहिली. खिडकीतल्या स्वतःकडे, तिथल्या घड्याळाकडे आणि कोपऱ्यातल्या त्या वाकड्या नावाकडे तिने निरखून पाहिलं.

"आता पुसू नकोस," आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच लिहितेयस. असंच येतं."