जिवलीची पेटी आणि बुधाचा पांढरा सदरा

बोईसरच्या पूर्वेला खदानीला लागून एक पाडा आहे. तिथली जिवली खडी फोडायची. दगडाच्या पोटात कधी पोकळी निघे, आत काचेसारखे स्फटिक उगवलेले. बाकीच्या बाया तेही हातोड्याखाली घालत. जिवली पदरात बांधून घरी नेई. अकरा वर्षांत पत्र्याची पेटी भरली. नवरा, सुका, म्हणे, "दिवसभर फोडून पोट भरत नाय, म्हनून घरी पन आनते काय?" आणि पेटीला कुलूप त्यानेच आणून दिलेलं!

चौऱ्याऐंशी साली पाड्यावर वीज आली. मी कारखान्यात वायरमन, सुट्टीला घरांची वायरिंग करायचो. जिवलीकडे ती पेटी पाहिली आणि मला नको ते सुचलं. कारखान्यात कापडाचा रंग तपासायचा एक जांभळा दिवा भंगारात निघाला होता, तो मी नीट करून ठेवलेला. म्हटलं, लावून बघू. भर दुपारी कुडाच्या फटींना गोणपाटं लावली, दार ओढलं, दिवा पेटवला. काय सांगू तुम्हांला! दुधासारखा पांढरा दगड अर्ध्या पिकल्या करवंदासारखा लाल झाला. दुसरा हिरवा, केळीच्या कोवळ्या पानासारखा. एक तर दिवा विझवल्यावरही दोन-तीन श्वास उजेड धरून राहिला. जिवली तो छातीशी धरून बसली. दिवा मी तिच्याकडेच ठेवला; सगळा पाडा बघून गेला.

पाचव्या दिवशी बुधाच्या नातवाच्या अंगावर लाल चट्टे उठले.

बुधा म्हणजे पाड्याचा मोठा माणूस. तारापूरच्या अणुकेंद्राच्या बांधकामावर त्याने मजुरी केलेली, त्यामुळे त्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. "ते दगड तिथलेच," त्याने सांगून टाकलं. "दिवा बंद केला तरी जळतात. पोरं हात लावून गेली. पेटी खदानीच्या डोहात बुडवा, आजच."

मी पोचलो तेव्हा पाड्यातल्या दोघांनी पेटी उचललेली. डोह साठ हात खोल. गेली की गेली. सुका दारात आडवा उभा, हातात कोयता. मी म्हटलं, "अरे, हे खदानीतले दगड..."

"तू गप ऱ्हा, वायरमन," बुधा म्हणाला. "दिवा तूच आनलास."

खरंच होतं ते.

तेवढ्यात जिवली पुढे आली. आवाज अगदी थंड. "बुधादादा, बुडवा. पन एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा. चमकंल ते सगलं बुडवायचं. कबूल?"

"कबूल," बुधा म्हणाला.

ही बाई स्वतःच्या हाताने पेटी घालवते की काय! पण तिने मला दिवा लावायला खुणावलं. पेटी आत आणून उघडली. गोणपाटं लागली, सात-आठ माणसं दाटीवाटीने आत, सुकाचा कोयता अजून हातातच. मी बटण दाबलं.

दगड पेटले. आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट पेटला बुधा! बाजारातल्या सफेदीच्या पावडरीत धुतलेला, निवाडा करायचा म्हणून मुद्दाम घातलेला त्याचा लग्नकार्याचा पांढरा सदरा निळाशार झगझगत होता. अंधारात नुसता सदराच उभा.

"आगं बया!" कोणीतरी ओरडलं.

बुधा स्वतःकडे बघून सदरा झटकू लागला, जसा काही विंचू चढलाय.

"काढा दादा," जिवली म्हणाली. "त्यो पन बुडवू. का सदरा पन तारापूरचा हाय?"

आधी सुका हसला, मग सगळे. बुधाची सून येसू दारातून म्हणाली, "मामा, पोरगा परवा खाजकुयलीच्या वेलीत शिरला व्हता. मी सांगत व्हते, तुमी ऐकाल तवा."

मी जिवलीला हळूच विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"पयल्या दिवशी तुमचा सदरा असाच पेटला व्हता," ती म्हणाली. "तुमी दगडच बघत व्हतात."

पेटी बुधाने स्वतः उचलून फळीवर ठेवली. सदरा मात्र काढून, हातभर लांब धरून, उघड्या अंगाने घरी गेला.